निवृत्ती-व्हिसा घेतला, पण बाहेर किती राहणार?

थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहायला आलेल्या परदेशी माणसाच्या पासपोर्टवर वर्षभराच्या मुक्कामाचा शिक्का असतो. समजा, वर्ष अर्धे झाल्यावर तो नातवंडांना भेटायला मायदेशी निघाला. निघण्यापूर्वी एक हजार बाथ भरून त्याने री-एंट्री परमिट घेतले नसेल, तर विमानतळावर देश सोडल्याचा शिक्का पडताक्षणी उरलेले सहा महिने रद्द होतात. बँकेत आठ लाख बाथ असतात, भाड्याच्या घरात कपडे आणि औषधे असतात, घरमालकाला पुढच्या भाड्याचे पैसेही दिलेले असतात. पण परत येईल तेव्हा इमिग्रेशनच्या काउंटरवर तो कुणीही एक पर्यटक असतो आणि सगळी कागदपत्रे त्याला पहिल्यापासून करावी लागतात.

निवृत्ती-व्हिसाबद्दलची बहुतेक माहिती तो मिळवायचा कसा, एवढ्यावरच थांबते. वय किती, बँकेत किती, कोणता फॉर्म. मिळालेला व्हिसा लांबच्या गैरहजेरीत टिकवायचा कसा, याबद्दल फार कमी सांगितले जाते, आणि माणसे गोत्यात येतात ती इथेच. एजंटला त्याचे सोयरसुतक नसते, कारण त्याचे काम शिक्का मिळाला की संपते. सगळ्या नियमांचा आढावा घेतल्यावर माझे मत पक्के झाले आहे: आपण वर्षातले किती महिने आणि नेमके कोणते महिने देशाबाहेर असणार, हे आधी ठरवावे आणि मग व्हिसा निवडावा. बहुतेक लोक आधी पैशांची अट बघतात आणि प्रवासाचे नंतर बघू म्हणतात.

म्हाताऱ्या माणसांना इतका काळ बाहेर का राहावे लागते, हे समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न कळत नाही. हौस हे एक कारण आहे, पण मोठे नाही. अमेरिकेची ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, देशाबाहेरच्या उपचारांना जवळजवळ काहीच देत नाही. त्यामुळे थायलंडमधल्या हुआ हिनला राहणाऱ्या अमेरिकन पेन्शनरला खुब्याचे ऑपरेशन करायचे तर तो मायदेशी जातो, आणि ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी धरून चार-पाच महिने सहज निघतात. ब्रिटिश माणसाचे सरकारी पेन्शन थायलंडमध्ये स्थायिक झाल्यावर गोठते. म्हणजे मायदेशातल्या पेन्शनरांना दरवर्षी मिळणारी वाढ त्याला मिळत नाही. फिलिपीन्समध्ये राहणाऱ्याला मात्र ती मिळते, कारण त्या दोन देशांत तसा करार आहे. दहा-पंधरा वर्षांनी हा फरक जाणवू लागतो आणि मग माणूस वर्षातले काही महिने मायदेशी काढू लागतो. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईत तिसरे कारण आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात डोंगरातली जंगले आणि मक्याची धसकटे पेटतात, धूर त्या खोऱ्यात कोंडतो, आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना डॉक्टरच बाहेर जायला सांगतात. शिवाय सत्तरीतल्या माणसाची नव्वदीतली आई मागे असतेच.

थायलंडमध्ये रिटायरमेंट व्हिसा म्हणून जे ओळखले जाते त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गैरहजेरीच्या बाबतीत त्या एकमेकींच्या उलट वागतात. पहिला रस्ता 'नॉन-इमिग्रंट ओ' या व्हिसाचा. त्यावर नव्वद दिवसांचा प्रवेश मिळतो आणि मग थायलंडमधल्या इमिग्रेशन ऑफिसात टीएम ७ हा फॉर्म आणि १,९०० बाथ भरून एकेक वर्षाचे एक्स्टेन्शन घ्यायचे. दुसरा रस्ता 'ओ-ए' व्हिसाचा. तो आपल्या देशातल्या थाई दूतावासातून घ्यायचा असतो, आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि आरोग्यविमा लागतो. दोन्हींसाठी वय किमान ५०.

ओ-ए व्हिसा वर्षभर चालतो आणि त्यावर कितीही वेळा ये-जा करता येते. प्रत्येक प्रवेशाला नवीन एक वर्षाचा मुक्काम मिळतो. म्हणून व्हिसा संपण्याच्या थोडे आधी बाहेर जाऊन परत आले की जवळजवळ आणखी एक वर्ष हाती लागते. मात्र व्हिसाची मुदत संपल्यावर त्या दुसऱ्या वर्षात बाहेर जायचे झाले तर री-एंट्री परमिट लागतेच, आणि पहिले वर्ष ओ-एवर बिनघोर फिरलेली माणसे इथेच चुकतात. या व्हिसाला ३१ ऑक्टोबर २०१९ पासून आरोग्यविमा सक्तीचा झाला. सुरुवातीला संरक्षणाची रक्कम कमी होती, पुढे ती एक लाख डॉलरपर्यंत गेली. सत्तरीनंतर, मधुमेह किंवा बायपास झालेल्या माणसाला असा विमा मिळणे अवघड आणि मिळाला तर महाग. त्यामुळे ज्यांना ये-जा करायची सर्वात जास्त गरज आहे, त्या वयाच्या लोकांनाच ये-जा सोपी करणारा व्हिसा परवडत नाही. हे मला या सगळ्या व्यवस्थेतले मोठे अन्यायाचे ठिकाण वाटते.

म्हणून बहुसंख्य लोक पहिल्या रस्त्यावर, म्हणजे वार्षिक एक्स्टेन्शनवर राहतात. तिथे सारा खेळ एका तारखेभोवती आहे. पहिला नव्वद दिवसांचा प्रवेश ज्या दिवशी संपतो, तिथून एक्स्टेन्शनचे वर्ष सुरू होते आणि दरवर्षी तीच तारीख येते. अर्ज साधारण तीस दिवस आधीपासून घेतला जातो, काही ऑफिसांत पंचेचाळीस. अर्जदाराला स्वतः थायलंडमध्ये, त्या ऑफिसात हजर राहावे लागते. परदेशातून पोस्टाने, दूतावासातून किंवा मुखत्यारपत्राने ते होत नाही. त्या तारखेला तुम्ही बाहेर असाल तर परवानगी संपली, आणि री-एंट्री परमिटही त्याच दिवशी संपले, कारण परमिट मुक्कामाला एकही दिवस जोडत नाही. असलेली मुदत फक्त राखून ठेवते.

आता पैशांचे बघू. मार्च २०१९ पासूनचा नियम असा: अर्जाच्या आधी दोन महिने थाई बँकेतल्या खात्यात आठ लाख बाथ हवेत, मंजुरीनंतर तीन महिने ते तसेच हवेत, आणि उरलेल्या काळात शिल्लक चार लाखांच्या खाली जाता कामा नये. समजा, तुमची तारीख १५ मार्च आहे. अर्ज फेब्रुवारीच्या मध्याला करायचा तर डिसेंबरच्या मध्यापासून आठ लाख जागेवर हवेत आणि पुढचे तीन महिने १५ मार्चपासून धरले तर ते जूनच्या मध्यापर्यंत हलवायचे नाहीत. वर्षातले सहा महिने पूर्ण रक्कम अडकलेली आणि उरलेले सहा महिने निम्मी. बाहेरगावी असताना अचानक दवाखान्याचा खर्च उभा राहिला तर हे पैसे आपले असून उपयोगाचे नाहीत. मंजुरीनंतर तीन महिन्यांनी बँकेचे पुस्तक घेऊन दाखवायला या, असेही काही ऑफिसे सांगतात. एक्स्टेन्शन हातात पडले की लगेच पाच महिन्यांसाठी निघणाऱ्याने हे काउंटरवरच विचारून घ्यावे.

आठ लाखांऐवजी दरमहा ६५,००० बाथ उत्पन्नाचाही मार्ग आहे. पूर्वी आपापल्या दूतावासाचे उत्पन्नाचे पत्र चालत असे, पण ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी २०१९ च्या सुमारास अशी पत्रे देणे बंद केले. तेव्हापासून त्या देशांच्या लोकांना बारा महिने दरमहा परदेशातून पैसे आल्याचे बँकेचे कागद दाखवावे लागतात. लांब गैरहजेरी असणाऱ्याला हा मार्ग वरवर सोयीचा वाटतो, कारण मोठी रक्कम अडकत नाही. पण तुम्ही थायलंडमध्ये असा वा नसा, पैसे दर महिन्याला आलेच पाहिजेत. आपण स्वतः मायदेशी आहोत, मग तिथूनच तिकडे कशाला पाठवायचे, असे म्हणून दोन महिने खंड पाडला की पुढच्या अर्जाच्या वेळी तोच खंड दाखवून अर्ज परत येतो.

तारखेचा विषय इतका महत्त्वाचा आहे की पहिल्या प्रवेशाचा दिवस ठरवताना पुढची दहा वर्षे डोळ्यांपुढे ठेवावीत. चियांग माईत राहणाऱ्याची तारीख मार्चमध्ये पडली तर दरवर्षी धुराच्या ऐन भरात त्याला तिथे असावेच लागते, आणि ज्यासाठी बाहेर पडायचे तेच साधत नाही. नव्वद दिवसांच्या व्हिसावर जो ऑगस्टच्या सुरुवातीला पहिल्यांदा उतरतो, त्याची वार्षिक तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते. हिवाळा घरी, धूर आणि उन्हाळा बाहेर, असे त्याचे वर्ष नीट बसते. एकदा पडलेली तारीख सहजी बदलत नाही. बदलायची तर असलेली परवानगी सोडून नवीन व्हिसाने पुन्हा सुरुवात करावी लागते.

री-एंट्री परमिट काढणे स्वतः फार सोपे आहे. टीएम ८ फॉर्म, एक फोटो, पासपोर्टच्या झेरॉक्स. एका फेरीला १,००० बाथ, मुदतीत कितीही फेऱ्यांना ३,८००. म्हणजे वर्षात चौथी फेरी असेल तरच मल्टिपल स्वस्त पडते. पण पुढे काय होईल सांगता येत नाही अशा वयात मी मल्टिपलच घ्यावे म्हणेन. भावाच्या निधनाची बातमी रात्री येते, त्या वेळी इमिग्रेशन ऑफिस बंद असते. सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या जागेत परमिटचे काउंटर आहे, ते अडीनडीला उपयोगी पडते. सगळ्या लहान विमानतळांवर आणि जमिनीवरच्या नाक्यांवर मात्र अशी सोय गृहीत धरू नये.

परमिट असूनही गडबड होते ती परत येताना. पासपोर्टची पाने भरलेली असतात, परमिटचा शिक्का मधेच कुठेतरी असतो, रांग मोठी असते आणि अधिकाऱ्याने तो शिक्का पाहिला नाही तर तो सरळ पर्यटकाचा प्रवेश देतो. म्हणून पासपोर्ट परमिटच्या पानावर उघडून द्यावा, आणि मे २०२५ पासून जे डिजिटल आगमन-कार्ड भरावे लागते त्यात व्हिसा क्रमांकाच्या जागी परमिटचा क्रमांक टाकावा. शिक्का मारून पासपोर्ट हातात आला की तिथेच, काउंटरपासून न हलता, मुक्कामाची तारीख वाचावी. ती जुन्या एक्स्टेन्शनची तारीख असली पाहिजे. साठ दिवसांनंतरची तारीख दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आले तर एक दिवस इमिग्रेशनच्या रांगेत जातो. आणि दोन महिन्यांनी लक्षात आले तर ते ओव्हरस्टे ठरते: दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,०००, आणि ओव्हरस्टे नव्वद दिवसांच्या पुढे गेला तर देशात येण्यावर किमान एक वर्षाची बंदी. ही बंदी मार्च २०१६ पासून लागू आहे.

नव्वद दिवसांच्या रिपोर्टचा लोक उगाच धसका घेतात. मुक्काम सलग नव्वद दिवस झाला की पत्ता कळवायचा, पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत कधीही. देशाबाहेर पडलात की मोजणी थांबते आणि परत आल्या दिवशी एकपासून सुरू होते. गैरहजर माणसाला यासाठी धावत परत यायची गरज नाही. टीएम ३० चा, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती घरमालकाने चोवीस तासांत देण्याचा नियम एकेकाळी प्रत्येक परतीच्या वेळी लागू होता. तो २०२० मध्ये शिथिल झाला आणि परमिटवर त्याच पत्त्यावर परतणाऱ्याला पुन्हा कळवावे लागत नाही. तरी त्याची पावती जपून ठेवावी, एक्स्टेन्शनच्या वेळी विचारतात.

बँकेचीही काळजी गैरहजेरीत घ्यावी लागते. थाई बँकांचे मोबाइल ॲप थाई सिमकार्डला बांधलेले असते. सिममध्ये पैसे भरले नाहीत तर नंबर बंद होतो, नंबर गेला की ॲप गेले, आणि मग शिल्लक बघायलासुद्धा बँकेच्या शाखेत स्वतः जावे लागते. निघण्यापूर्वी वर्षभराची मुदत भरून जाणे हे काही बाथांचे काम आहे. आणखी एक, जे बोलायला कुणाला आवडत नाही: खातेदार मायदेशी असताना वारला तर ते आठ लाख बाथ थाई न्यायालयाने वारस-व्यवस्थापक नेमेपर्यंत बँकेत पडून राहतात. थायलंडमधल्या मालमत्तेपुरते वेगळे थाई मृत्युपत्र केले असेल तर मागे राहिलेल्या बायको-मुलांचे हेलपाटे खूप कमी होतात.

हे सगळे सांभाळूनही काय होऊ शकते ते २०२० मध्ये दिसले. मार्चअखेर थायलंडने आणीबाणी लागू करून परदेशी लोकांचा प्रवेश थांबवला आणि एप्रिलच्या सुरुवातीपासून प्रवासी विमानेही बंद केली. जी माणसे त्या वेळी मायदेशी होती, त्यांच्या हातातले वैध परमिट निरुपयोगी ठरले. महिने गेले, एकेकाच्या एक्स्टेन्शनची तारीख बाहेर असतानाच उलटली. थायलंडमध्ये अडकलेल्या परदेशी लोकांना सरकारने मुदतवाढ दिली. बाहेर अडकलेल्यांना पुन्हा नव्या व्हिसाने सुरुवात करावी लागली. ज्यांनी भाड्याची घरे, पाळलेली कुत्री, कधी बायको आणि मुलेही मागे ठेवली होती, त्यांच्यावर ही वेळ आली. वर्षाला नूतनीकरण होणाऱ्या परवानगीवर आयुष्य उभे करताना ही शक्यता गृहीत धरायलाच हवी.

परवानगी गेली तरी सगळे संपत नाही. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन, किमान पंधरा दिवस शिल्लक असताना, २,००० बाथ भरून देशातच नव्वद दिवसांचा ओ व्हिसा मागता येतो, आणि त्यानंतर पुन्हा एक्स्टेन्शन. पैसे खात्यात असतील तर हे दोन-तीन महिन्यांत मार्गी लागते. दमवणारे आहे, पण आजारी माणसाने फक्त तारीख चुकू नये म्हणून उपचार अर्धवट टाकून विमानात बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे. तारीख गेली तर जाऊ द्यावी, असे अशा वेळी कुटुंबातल्या कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

कराचाही मुद्दा आहे आणि तो अलीकडे टोकदार झाला. वर्षात १८० किंवा अधिक दिवस थायलंडमध्ये राहणारा तिथला करनिवासी ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून अशा माणसाने परदेशात मिळवलेले उत्पन्न कोणत्याही वर्षी थायलंडमध्ये आणले तरी ते करपात्र धरले जाते. त्याआधी मिळवलेल्याला सूट आहे. तेव्हापासून काही जण जाणूनबुजून १७९ दिवसांच्या आत राहतात. व्हिसासाठी हजेरी हवी आणि करासाठी गैरहजेरी, अशी त्यांची ओढाताण होते.

ज्यांना वर्षातले सात-आठ महिने बाहेर काढायचे आहेत त्यांनी एक्स्टेन्शनच्या वाटेला जाऊच नये, असे मला वाटते. पैसेवाल्यांसाठी २०२२ पासून दहा वर्षांचा एलटीआर व्हिसा आहे: पन्नाशीपुढच्या माणसाचे वर्षाला ८०,००० डॉलर निष्क्रिय उत्पन्न हवे, किंवा ४०,००० डॉलर आणि जोडीला थायलंडमध्ये अडीच लाख डॉलरची गुंतवणूक. त्यात री-एंट्री परमिट लागत नाही आणि पत्ता वर्षातून एकदाच कळवायचा. बाकीच्यांनी सरळ पर्यटक म्हणून जावे. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना साठ दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश खुला केला. अशी सवलत सरकार केव्हाही आखडती घेऊ शकते, हे खरे. तरी हिवाळ्यातल्या आठ आठवड्यांसाठी आठ लाख बाथ अडकवण्यात काही शहाणपण नाही.

इतर देशांकडे पाहिले की थायलंडची पद्धत एका टोकाला आहे हे कळते. तिथे कितीही काळ बाहेर राहा, परमिट हवे आणि तारखेला परत हवेत, एवढेच. पोर्तुगालची पद्धत वेगळी. पेन्शनवर जगणाऱ्यांचा तिथला डी-७ व्हिसा घेतला की पहिले निवासपत्र दोन वर्षांचे मिळते आणि नंतरचे तीन वर्षांचे. त्या मुदतीत सलग सहा महिने किंवा एकूण आठ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात आणि सबळ कारण दाखवता आले नाही, तर निवासपत्र रद्द होऊ शकते. दोन वर्षांत आठ महिने म्हणजे वर्षाला चार. ज्याची मुले दुसऱ्या खंडात आहेत त्याला हे कमी पडतात. आखाती देशांपैकी अमिरातीत साधारण निवासी व्हिसावर सलग सहा महिने बाहेर राहिले की तो रद्द होतो. गोल्डन व्हिसाला ही अट नाही. दुबईत आयुष्य काढलेल्या मराठी कुटुंबांना हा हिशेब तोंडपाठ असतो.

गैरहजेरीकडे सर्वात उदारपणे पाहणारा देश म्हणजे फिलिपीन्स. तिथे १९८५ पासून निवृत्तांसाठी वेगळे सरकारी प्राधिकरण आहे. ठरलेली ठेव ठेवून एसआरआरव्ही व्हिसा घेतला की मुक्कामाची मुदत नसते, कितीही ये-जा चालते, आणि वर्षाला ३६० डॉलर शुल्क भरून कार्ड चालू ठेवायचे. मलेशियाने उलटसुलट बरेच केले. २००२ मध्ये सुरू झालेली त्यांची 'माय सेकंड होम' योजना २०२० मध्ये थांबली, २०२१ मध्ये महिन्याला ४०,००० रिंगिट उत्पन्न आणि वर्षाला नव्वद दिवस मुक्काम अशा अटींसह परत आली, आणि २०२४ मध्ये पुन्हा बदलून दीड लाख, पाच लाख आणि दहा लाख डॉलर ठेवीच्या तीन पायऱ्या झाल्या. नियम इतक्यांदा बदलणाऱ्या ठिकाणी म्हातारपण बांधताना विचार करावा. व्हिएतनाममध्ये निवृत्ती-व्हिसाच नाही.

भारतातही नाही. गोव्यात हिवाळा काढणारी ब्रिटिश पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षे पर्यटक व्हिसावरच येत राहिली. २००९ च्या अखेरीस पर्यटक व्हिसावर दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे झाले तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली, कारण मधेच नाताळला घरी जाऊन जानेवारीत परत येणे अशक्य झाले. बहुतेक देशांसाठी तो नियम २०१२ मध्ये उठला.

आपल्याकडच्या घरांत हा प्रश्न येतो तो बहुधा ग्रीन कार्डच्या रूपाने. ते निवृत्तीचे कागद नव्हेत, पण मुलाने आई-वडिलांसाठी काढलेले ग्रीन कार्ड म्हातारपणातले निवासपत्रच असते, आणि पुणे-नाशिकचे घर, शेत, देवघर सोडवत नाही म्हणून आई-वडील निम्मे वर्ष इकडेच असतात. १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिले की परतताना प्रश्न विचारले जातात. एक वर्ष किंवा जास्त राहायचे तर आधी री-एंट्री परमिट हवे. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते, त्याचा आय-१३१ अर्ज अमेरिकेत असतानाच भरावा लागतो आणि बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात. दर पाच महिन्यांनी दोन आठवड्यांसाठी जाऊन यायचे, एवढ्याने कार्ड टिकते असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. तुमचे खरे घर कुठे आहे, हे अधिकारी पाहतात. विमानतळावर कुणी कार्ड सोडून देण्याचा आय-४०७ फॉर्म पुढे केला तर घाबरून सही करू नये. ती सही ऐच्छिक आहे आणि न्यायाधीशांपुढे जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. इंग्रजी नीट न समजणाऱ्या आई-वडिलांना हे मराठीत, निघण्याआधी, मुलांनी नीट समजावून सांगावे.

आणि महाराष्ट्रातून कुणी थायलंडच्या निवृत्ती-व्हिसाचा विचार करत असेल, तर आपल्या बाजूचे नियम आधी वाचावेत. आठ लाख बाथ म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस हा आगाऊ कर कापते, जो नंतर रिटर्न भरून परत मागावा लागतो. मोठी अडचण वेगळीच आहे. या योजनेखाली पाठवलेली आणि वापराविना पडून राहिलेली रक्कम १८० दिवसांत परत आणावी, असा २०२२ पासून नियम आहे. थाई इमिग्रेशनला हवे असतात ते नेमके पडून राहिलेले पैसे. तुम्ही फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली निवासी राहता की अनिवासी होता, यावर याचे उत्तर अवलंबून आहे, आणि ते जाणत्या चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखी घ्यावे. भारतात करनिवासी असाल तर ते थाई खाते रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणे बंधनकारक आहे. सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, ती एक चिंता मिटली. भारतातल्या बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी मात्र परदेशातल्या उपचारांना लागू पडत नाहीत, म्हणून तिथला विमा वेगळा धरावा.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती: लांबच्या प्रवासाचे तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडा. मुक्कामाची शेवटची तारीख आणि परमिटची शेवटची तारीख बघा, आणि परतीचा दिवस त्यांच्या किमान सहा आठवडे आधी ठेवा, म्हणजे आजारपण किंवा रद्द झालेले विमान मधे आले तरी अर्ज करायला वेळ उरतो. तेवढे अंतर राहत नसेल तर तिकिटाची तारीख आजच बदला. व्हिसाची तारीख बदलत नाही.